आधी डोंगर, मागाहून रूळ

दिवाळीची सुट्टी लागली की महाराष्ट्रातील गावोगावच्या अंगणांत किल्ले उभे राहू लागतात. विटांचे तुकडे, दगड, जुनी पोती आणि चिखल एवढ्याच सामग्रीतून मुले तट आणि बुरूज रचतात. उतारांवर अळीव किंवा मोहरी पेरतात, आणि चार दिवसांनी तिचे हिरवे कोंब वर आले की त्यांच्या आनंदाला सीमा राहत नाही. तुमच्यापैकी बहुतेकांनी असा किल्ला केव्हा ना केव्हा केला असेलच.

या किल्ल्याच्या खेळाशी नाते सांगणारी आणखी एक कला आहे. आगगाडीच्या छोट्या प्रतिकृतीसाठी डोंगर, कडे, दऱ्या आणि बोगदे घडविण्याची ही कला होय. युरोप-अमेरिकेत या छंदाची मोठी परंपरा असून तेथे मुलेच नव्हेत, तर प्रौढ माणसेही वर्षानुवर्षे एकाच मांडणीवर काम करीत राहतात. जर्मनीतील हँबुर्ग शहरात २००१ साली सुरू झालेल्या ‘मिनिआटूर वुंडरलांड’ या प्रदर्शनात छोट्या गाड्यांसाठी १६ किलोमीटरांपेक्षा अधिक लांबीचे रूळ घातलेले आहेत, आणि तेथील स्वित्झर्लंडच्या देखाव्यातील पर्वत जवळजवळ ६ मीटर उंच आहे. आपल्याकडे पुण्यातही छोट्या रेल्वेचे एक संग्रहालय १९९८ साली सुरू झाले.

अशा मांडणीसाठी लागणारी गाडी विकत मिळते. रूळही विकत मिळतात. डोंगर मात्र आपला आपणच करावा लागतो. म्हणूनच करणाऱ्याची खरी पारख गाडीत नव्हे, तर डोंगरात होते. ही गोष्ट मलाही शिकावी लागली, आणि ती मी एका अनपेक्षित गुरूकडून शिकलो.

मी तेव्हा घाटाच्या पायथ्याशी असलेल्या एका शाळेत मुख्याध्यापक होतो. वार्षिक प्रदर्शनासाठी सातवीच्या मुलांनी बोरघाटातील रेल्वेची प्रतिकृती करावयाचे ठरविले. एका मोठ्या फळीवर त्यांनी गोलाकार रूळ बसविले. रूळ झाले, तेव्हा बोगदा हवा, असे कोणीतरी म्हणाले. बोगद्यासाठी डोंगर हवा, म्हणून रुळांवर एक कमान ठेवून तिच्यावर कागदाचा लगदा थापला आणि त्याला हिरवा रंग दिला. डोंगर गोल होता, गुळगुळीत होता, आणि सगळ्या बाजूंनी सारखा होता. मी मुलांची पाठ थोपटली.

त्या मुलांपैकी एकाचे वडील रेल्वेत गँगमन होते. पावसाळ्याच्या रात्री हाती कंदील घेऊन घाटातील रुळांवर गस्त घालणे, दरड कोसळली तर धावत जाऊन येणारी गाडी थांबविणे, हे त्यांचे काम. एका संध्याकाळी ते मुलाला घरी नेण्यासाठी शाळेत आले. मी त्यांना मोठ्या कौतुकाने आमची प्रतिकृती दाखविली. त्यांनी ती चारी बाजूंनी न्याहाळली, खाली वाकून पाहिली, आणि संकोचाने म्हणाले, “गुरुजी, राग मानू नका. पण या डोंगरावरून दरड कोठून सुटेल, ते मला दिसत नाही.”

मुले हसली. त्यांच्या मुलाने मान खाली घातली. मला मात्र हसू आले नाही. कारण त्यांचे म्हणणे अक्षरशः खरे होते. आमचा डोंगर म्हणजे गुळाची ढेप होती. त्याला कडा नव्हता, कपार नव्हती, पाणी वाहून जावयास घळ नव्हती, आणि पायथ्याशी एक दगडही पडलेला नव्हता. मी त्यांना म्हणालो, “मग खरा डोंगर कसा असतो, ते या मुलांना तुम्हीच सांगा.”

थोडा वेळ ते काही बोलले नाहीत. मग फरशीवर मांडी घालून बसले आणि खडूने रेखाटू लागले. एक उभी रेघ, मग एक तिरपी रेघ. पुन्हा उभी, पुन्हा तिरपी. “हा कडा, हा उतार. पुन्हा कडा, पुन्हा उतार. आपला डोंगर असा पायऱ्यांनी चढतो. दगड सुटतो कड्यातून आणि थांबतो उतारावर. पाऊस फार झाला, की उतार त्याला धरून ठेवीत नाही. म्हणून आम्ही पहिल्याने पाणी कोठून झिरपते ते पाहतो. जेथे पाणी, तेथे भय.”

भूगोलाची परिभाषा त्यांना ठाऊक नव्हती. परंतु सह्याद्रीची सारी रचना त्यांनी चार रेघांत मुलांपुढे ठेवली होती. ती रचना अशी का झाली, हे आता आपण पाहू.

सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी या भागात जमिनीला पडलेल्या भेगांतून तप्त लाव्हारस पुनःपुन्हा बाहेर पडला. एक थर पसरून थिजावा, त्यावर काही काळाने दुसरा पसरावा, अशा रीतीने थरांवर थर साचत गेले. त्यांचा पसारा आजही सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर आहे. या थिजलेल्या लाव्ह्याचा जो काळा खडक बनला, त्यास बेसॉल्ट म्हणतात. एकाच थरात वरचा भाग वायूच्या बुडबुड्यांमुळे सच्छिद्र व ठिसूळ होतो, तर आतील भाग घट्ट व कठीण राहतो. दोन थरांच्या मध्ये कोठे कोठे भाजलेल्या मातीचा तांबडा पट्टाही आढळतो. ऊन, वारा आणि पाऊस यांचा मारा सर्वांवर सारखाच होतो. पण मऊ भाग लवकर झिजून त्याचा उतार बनतो, आणि कठीण भागाला उभ्या भेगा पडून त्याचे तुकडे निखळतात व मागे उभा कडा उरतो. म्हणून आपले डोंगर पायऱ्यापायऱ्यांचे दिसतात. या खडकांच्या प्रदेशाला शास्त्रज्ञ ‘दख्खन ट्रॅप’ म्हणतात. त्यातील ‘ट्रॅप’ हा शब्द ‘जिना’ या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरूनच आलेला आहे.

हे थर बहुतेक ठिकाणी आडवे, जवळजवळ समपातळीत पसरलेले आहेत. त्यामुळे दरीच्या एका बाजूस ज्या उंचीवर कडा दिसतो, साधारण त्याच उंचीवर समोरच्या बाजूसही त्याच थराचा कडा दिसतो. जणू मधली दरी कोणी मागाहून कोरून काढली असावी! वस्तुतः ती पाण्याने कोरून काढलेलीच असते. प्रतिकृती करणाराने ही एक गोष्ट ध्यानात ठेवली, तरी त्याचे निम्मे काम झाले असे समजावे.

मात्र सर्वच डोंगर असे नसतात. हंपीच्या परिसरातील ग्रॅनाइटचे खडक झिजून गोलसर गोट्यांचे ढीग बनले आहेत. हिमालयातील थर दाबले जाऊन वाकलेले आणि कलंडलेले आहेत. तेव्हा कोणत्या मुलखातील रेल्वे आपण दाखवीत आहोत, हे आधी ठरविले पाहिजे. परदेशी पुस्तकातील चित्र पाहून केलेला डोंगर बोरघाटात शोभत नाही.

आता रेल्वेची गोष्ट. बोरघाटातील लोहमार्गाचे काम १८५६ साली सुरू झाले आणि १८६३ साली तो मार्ग खुला झाला. कर्जतजवळच्या पायथ्यापासून लोणावळ्यापर्यंतच्या सुमारे २५ किलोमीटरांत गाडीला ५५८ मीटर उंची चढावयाची होती. त्यासाठी त्या वेळी २५ बोगदे खोदावे लागले. एका ठिकाणी तर वळण्यापुरतीही जागा नव्हती. तेथे गाडी थांबवून, इंजिन दुसऱ्या टोकास जोडून, उलट दिशेने पुढची चढण चढावी लागे. ही अडचण १९२९ साली नवा मार्ग काढून दूर करण्यात आली. १८६१ च्या सुमारास या कामावर ४० हजारांहून अधिक माणसे राबत होती. दोरांवर लोंबकळत कड्यात सुरुंगाची भोके पाडणाऱ्या आणि पाठीवरून दगड वाहणाऱ्या त्या मजुरांपैकी हजारो जण कॉलरा, ताप आणि अपघात यांना बळी पडले. त्यांची नावे कोठेही कोरलेली नाहीत. घाटाची वाट शिंगरोबा नावाच्या एका धनगराने दाखविली, अशी आख्यायिका आहे. त्याचे देऊळ घाटातील जुन्या रस्त्यावर आजही आहे.

या इतिहासात आमच्या चुकीचे मूळ सापडते. मुलांनी आधी रूळ टाकले आणि मग त्यांच्यावर डोंगर ठेवला. सृष्टीत याच्या नेमके उलट घडले होते. डोंगर कोट्यवधी वर्षे तेथे होताच. रूळ मागाहून आले, आणि त्यांना डोंगराच्या मर्जीने वळावे, चढावे, प्रसंगी त्याला भेदून जावे लागले. प्रतिकृती पाहणाऱ्याच्या मनात हाच भाव उमटला पाहिजे. आधी डोंगर, मागाहून रूळ, हे या कलेचे पहिले सूत्र होय.

दुसरे सूत्र प्रमाणाचे. छोट्या गाड्यांच्या अनेक जाती आहेत. त्यांपैकी एका फार प्रचलित जातीचे प्रमाण १ : ८७ असे असते, म्हणजे खरी वस्तू ८७ सेंटिमीटर असेल, तर प्रतिकृतीत ती १ सेंटिमीटर करावयाची. या प्रमाणात उभा माणूस २ सेंटिमीटरांहून थोडा कमी भरतो आणि १० मीटर उंचीचे आंब्याचे झाड साडेअकरा सेंटिमीटरांचे होते. आता सारा बोरघाट याच प्रमाणात करावयाचा म्हटले, तर रुळांची लांबी सुमारे २८७ मीटर आणि चढ सुमारे ६.४ मीटर होईल. एवढी जागा कोणत्या शाळेत मिळणार? म्हणून संपूर्ण घाटाचा हव्यास न धरता त्यातील एक वळण, एक बोगदा आणि एक दरी निवडावी, आणि तेवढेच मन लावून करावे.

घाटातील सर्वांत तीव्र चढ ३७ मीटरांस १ मीटर असा आहे. या हिशेबाने २ मीटर ४० सेंटिमीटर लांबीच्या मांडणीत रूळ केवळ साडेसहा सेंटिमीटर चढतील. यापेक्षा फार अधिक चढ दिला, तर छोटे इंजिनही धापा टाकू लागते. बोगद्याचाही एक हिशेब आहे. उघडी खोदाई १८ ते २० मीटरांहून खोल जाऊ लागली, की साधारणपणे बोगदा खणणे परवडते. आपल्या प्रमाणात ही खोली सुमारे एक वीत भरते. याचा अर्थ असा, की रुळांच्या पातळीपासून निदान वीतभर उंच डोंगर नसेल, तर तेथे बोगदा दाखवू नये. अभियंत्याने तो डोंगर सरळ कापूनच काढला असता.

तिसरे सूत्र दरीचे. डोंगर म्हणजे केवळ रुळांच्या वरचा भाग नव्हे. रुळांच्या खालीही तो तेवढाच असतो. अमेरिकेतील जॉन ॲलन (१९१३–१९७३) या छायाचित्रकाराने आपल्या घरी केलेली मांडणी या छंदातील लोकांमध्ये आजही नावाजली जाते. त्याचे डोंगर जमिनीपासून निघून थेट छताला भिडत, आणि त्यांच्या मध्यावरून धावणारी गाडी इवलीशी दिसे. पर्वतापुढे गाडी लहान दिसली, की पर्वत आपोआप मोठा वाटतो. म्हणून सपाट फळीवर रूळ टाकू नयेत. लाकडी पट्ट्यांची मोकळी चौकट करावी, तिच्यावर उंच आधार उभे करून त्यांवरून रूळ न्यावेत, आणि जमीन त्यांच्या एका बाजूस वर चढवावी व दुसऱ्या बाजूस खाली उतरवावी. घाटातील प्रवासात एका खिडकीतून कडा आणि दुसरीतून दरी दिसते, ते यामुळेच.

आता प्रत्यक्ष घडणीकडे वळू. प्रथम डोंगराचा सांगाडा करावा. जुन्या खोक्यांच्या पुठ्ठ्याच्या दोन-तीन सेंटिमीटर रुंदीच्या पट्ट्या कापाव्यात आणि टोपली विणतात त्याप्रमाणे त्या उभ्या-आडव्या विणून चौकटीला डकवाव्यात. या टप्प्यावर घाई करू नये. चार पावले मागे जाऊन, खाली बसून, डोळे गाडीच्या पातळीला आणून पाहावे. सोंड पुढे यावी असे वाटले तर पट्टी ओढावी. घळ हवीशी वाटली तर दाबावी. सांगाडा आहे तोवर दुरुस्तीला काही मोल पडत नाही.

सांगाड्यावर कातडे चढवावयाचे ते कागदाचे. मैद्याची खळ शिजवून तिच्यात वर्तमानपत्राचे तुकडे भिजवावेत आणि त्यांचे तीन-चार थर एकमेकांवर बसवावेत. प्रत्येक थर पुरता वाळल्याशिवाय दुसरा देऊ नये. ओल्या थरावर ओला थर दिला, तर सारा डोंगर खचतो.

कातडे वाळल्यावर थरांच्या रेघा आखाव्यात. त्यासाठी एक सोपी युक्ती आहे. एका ठोकळ्यावर पेन्सिल आडवी बांधावी आणि तिचे टोक डोंगराला टेकवून तो ठोकळा सपाट जमिनीवरून डोंगराभोवती फिरवावा. पेन्सिलीची जी रेघ उमटेल, ती सर्वत्र एकाच उंचीवर असेल. ठोकळ्याची उंची वाढवीत आणखी रेघा आखाव्यात. मुलांनो, नकाशातील समोच्चरेषा म्हणजे याच रेघा होत. या रेघांच्या मधले पट्टे आळीपाळीने कड्याचे आणि उताराचे धरावेत, म्हणजे आपल्या सह्याद्रीचा जिना तयार होईल. सर्व पायऱ्या मात्र एकाच मापाच्या करू नयेत. निसर्ग फूटपट्टी घेऊन बसत नाही.

कड्यांसाठी खरे दगड वापरावेत, असे पुष्कळांना वाटते. त्यात दोन अडचणी आहेत. दगडांच्या भाराने मांडणी वाकते; आणि खऱ्या दगडाचे कण व भेगा त्याच्याच मापाच्या असल्यामुळे तो जवळून केवळ दगडच दिसतो, डोंगर दिसत नाही. म्हणून खडक करावयाचे ते प्लास्टर ऑफ पॅरिसचे. हे प्लास्टर म्हणजे जिप्सम नावाचे खनिज तापवून केलेली पूड. तापविल्यामुळे जिप्सममधील पाण्याचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग निघून जातो. पुडीत पाणी मिसळले, की ती ते पाणी परत घेते, आणि पुन्हा घट्ट जिप्सम बनते. या क्रियेत उष्णता बाहेर पडते. म्हणून ओल्या प्लास्टरमध्ये हात बुडवून ठेवू नये. भाजण्याचे भय असते. पूड नाकातोंडात जाऊ देऊ नये. उरलेले प्लास्टर मोरीत ओतू नये. ते तेथेच घट्ट होऊन मोरी तुंबते. आणि हे काम घरातील मोठ्या माणसाच्या देखरेखीखालीच करावे.

एक वाटी पाण्यात सुमारे दोन वाट्या पूड हळूहळू भुरभुरवावी व सावकाश ढवळावे. त्यातच थोडा करडा रंग घालावा. म्हणजे पुढे एखादा टवका उडाला, तरी आतील पांढरेपणा डोळ्यांत खुपत नाही. हे मिश्रण थाळीत बोटाच्या जाडीइतके ओतावे. ते अर्धवट घट्ट होताच खिळ्याने काही ओरखडे काढावेत. पुरते घट्ट झाल्यावर ती वडी सुरीने कापू नये, तर हातांनी मोडावी. मोडलेली कड ओबडधोबड, टोकदार आणि प्रत्येक ठिकाणी निराळी असते. खडकही असाच फुटतो. अशा तुकड्यांच्या मोडक्या कडा बाहेर ठेवून ते कड्याच्या पट्ट्यांवर थरांनी बसवावेत आणि ओरखडे उभे येतील असे पाहावे. फार वेडेवाकडे खडक हवे असतील, तर पोळ्या गुंडाळावयाचा ॲल्युमिनियमचा पातळ कागद चुरगाळून, पुन्हा अर्धवट उलगडून त्यावर प्लास्टर ओतावे. कागद सोलून काढला, की त्याच्या सुरकुत्या खडकाच्या पैलूंसारख्या उमटतात.

रंगाच्या कामी संयम हवा. काळा खडक दाखवावयाचा म्हणून काळाच रंग फासला, तर डोंगर कोळशाच्या ढिगासारखा दिसतो. आधी सर्वत्र फिकट करडा रंग द्यावा. तो वाळल्यावर काळा व तपकिरी रंग पुष्कळ पाण्यात कालवून वरून सोडावा. हे रंगीत पाणी आपोआप भेगांत उतरते आणि तेथे सावली धरून राहते. शेवटी कुंचल्याला किंचित पांढुरका रंग लावावा, तो फडक्याला पुसून जवळजवळ कोरडा करावा, आणि कडांवरून हलकेच फिरवावा. उंचवट्यांवर उन्हाची तिरीप आल्याचा भास होतो. दोन कड्यांच्या मध्ये एखाद्याच ठिकाणी तांबड्या मातीचा पट्टा दाखवावा. मागील भिंतीवरचे दूरचे डोंगर फिकट निळसर रंगवावेत. कारण आपण आणि तो डोंगर यांमध्ये जितकी हवा अधिक, तितका तो निळा दिसतो.

आता गँगमनदादांचे दगड. प्लास्टरचे उरलेले तुकडे कुटून चाळणीने त्यांचे बारीक, मध्यम आणि मोठे असे भाग करावेत व त्यांनाही तोच रंग द्यावा. मग ते हाताने एकेक मांडू नयेत. कड्याच्या माथ्यावरून सोडून द्यावेत आणि ते जेथे थांबतील तेथेच राहू द्यावेत. मोठे दगड गडगडत दूर जातात, बारीक चुरा वर अडकून राहतो, आणि घाटात दिसतो तसाच ढीग कड्याच्या पायथ्याशी आपोआप तयार होतो. पातळ केलेला डिंक थेंबाथेंबाने सोडून तो पक्का करावा.

झाडोरा शेवटी लावावा, आणि तोही विचारपूर्वक. उभ्या कड्यावर माती टिकत नाही. तेथे भेगांतून एखादेच झुडूप डोकावते. झाडी असते ती उतारांवर आणि घळींत, कारण माती आणि पाणी तेथे साचते. लाकडाचा भुसा रंगवून त्याचे गवत करता येते. वाळलेल्या गवताच्या तुऱ्यांतून आणि बारीक काटक्यांतून कारवीची झुडपे व करवंदीच्या जाळ्या साधतात. ऋतूही आधीच ठरवावा. पावसाळा असेल, तर हिरवा रंग, ओलसर काळे कडे आणि पांढरे धबधबे. उन्हाळा असेल, तर पिवळे गवत आणि कोरड्या घळी. दोन्ही एकत्र आले, की पाहणाऱ्याचा विश्वास उडतो.

आमच्या मुलांनी पहिला डोंगर मोडला आणि या रीतीने दुसरा उभा केला. त्यांना तीन आठवडे लागले. पुस्तकात न सापडणारी प्रत्येक शंका गँगमनचा मुलगा घरी नेई, आणि दुसऱ्या दिवशी तिचे उत्तर घेऊन येई. पाणी कोठे झिरपते, दगड अडविण्यासाठी भिंत कोठे बांधलेली असते, गस्तीचा माणूस गाडी येताना कोठे सरून उभा राहतो, हे सारे त्याने विचारून आणले. वडील रात्रभर काय करतात, हे त्याने तोपर्यंत कधी विचारलेच नव्हते.

प्रदर्शनाच्या दिवशी त्याचे वडील आले. रात्रपाळी करून ते तसेच आले होते. बोगद्याच्या तोंडापाशी, एका कड्याखाली, मुलांनी २ सेंटिमीटरांहूनही लहान असा कंदीलधारी माणूस उभा केला होता. त्यांनी तो बराच वेळ पाहिला. मग कड्याच्या एका भेगेवर बोट ठेवून म्हणाले, “हा दगड यंदा सुटेल बघा.” आणि ते हसले. त्या दिवशी आलेल्या प्रत्येक पाहुण्याला तो मुलगा आधी कडा दाखवीत होता, मग तो माणूस, आणि सर्वांत शेवटी गाडी.

मुलांनो, पुढच्या दिवाळीत किल्ला करावयास बसाल, तेव्हा आपल्या गावाजवळचा डोंगर एकदा नीट पाहून या. त्याचा कडा कोठे आहे, उतार कोठे आहे, पाणी कोणत्या वाटेने उतरते, दगड कोठे येऊन थांबले आहेत, ते पाहा. आणि त्या डोंगरात रोज वावरणारा कोणी गुराखी, लाकूडतोड्या किंवा रेल्वेचा माणूस भेटला, तर त्याच्याजवळ घटकाभर बसा. डोंगर कसा करावा, हे माझ्यापेक्षा तो अधिक चांगले सांगेल.

स्वाध्याय

१. मुलांनी केलेल्या पहिल्या डोंगरात कोणकोणते दोष होते?
२. सह्याद्रीचे डोंगर पायऱ्यांसारखे का दिसतात, ते आपल्या शब्दांत लिहा.
३. ‘आधी डोंगर, मागाहून रूळ’ या सूत्राचा अर्थ स्पष्ट करा.
४. १ : ८७ या प्रमाणात तुमच्या शाळेच्या इमारतीची उंची किती होईल, ते काढा.
५. गँगमनचा मुलगा पाहुण्यांना गाडी सर्वांत शेवटी का दाखवीत असावा?
६. तुमच्या घरातील एखाद्या वडीलधाऱ्या माणसाला त्याच्या कामाविषयी पाच प्रश्न विचारा आणि मिळालेली उत्तरे वहीत लिहून आणा.